ऑफिसला माणूस कधी ठेवावा?

प्रश्न : लातूरला माझं सबमर्सिबल मोटार दुरुस्तीचं काम आहे, हाताखाली दोन कारागीर. फोन, बिलं, उधारी सगळं मीच बघतो. ऑफिसला माणूस ठेवावा का?

उत्तर : आधी पंधरा दिवस वहीत तीन गोष्टी लिहा: न उचललेले फोन, लिहिण्या-वसुलीत गेलेला वेळ, महिना उलटूनही थकलेली बिलं. समजा रोज दोन तास जातात आणि तेवढ्यात पेट्रोल वजा जाता 300 रुपये सुटणारी एक फेरी होते, तर 26 दिवसांत 7,800 रुपये बुडतात. अर्धवेळ पगार त्याच्या आत बसत असेल तर थांबू नका. मात्र फेरी मिळण्याइतकं काम हवं, नाहीतर हिशेब कागदावरच राहतो. हा हिशेब फक्त एप्रिल-मेच्या गर्दीवर करू नका. पावसाळ्यात मोटारी बंद असतात, पगार चालूच राहतो.

सुरुवात सकाळी 10 ते 2 अशी करा. फोनच्या वहीत नाव, गाव, मोटार किती एचपीची, बोअर किती फूट आणि तक्रार काय, हे रकाने आखून द्या. ‘स्टार्टर ट्रिप होतो’ एवढं लिहिलेलं असलं तरी कारागीर योग्य सामान घेऊन निघतो, दुसरा हेलपाटा वाचतो.

बहुतेकांचं इथंच बिघडतं: पहिल्याच आठवड्यात रोकड आणि बँकेचा ओटीपी नव्या माणसाच्या हवाली करतात. वसुलीचे फोन त्याला करू द्या, पैसे मात्र तुमच्याच खात्यावर घ्या.