सह्याद्रीत भटकणाऱ्याला किलीमांजारो झेपेल का?

तुम्ही विचारलंय की दर रविवारी गडकिल्ले करतो, हिमालयात मात्र कधी गेलो नाही. किलीमांजारो जमेल का, आणि माचामे मार्गाने सहा दिवस पुरतील की सात हवेत?

जमेल. पण सातच घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

पायांची चिंता नको. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्याला बारांको भिंत, म्हणजे वाटेतला उभा कडा, अवघड नाही. हातांचा आधार घेत चढायचं, दोर लागत नाही. घात करते ती आपली सवय. पहाटे निघायचं, भराभर माथा गाठायचा आणि दुपारी पायथ्याला पिठलं-भाकरी! किलीमांजारोची वाट सुरू होते तीच जवळपास कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवरून, आणि शिखर आहे ५८९५ मीटरवर. तिथे हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्माच मिळतो.

मी गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी ऐटीत सगळ्यांच्या पुढे होतो. गाईड मागून ‘पोले पोले’ म्हणत होता, म्हणजे हळूहळू. तिसऱ्या दिवशी ४६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपाशी डोकं ठणकायला लागलं, डबा उघडायचीही इच्छा होईना. तिथून साडेसहाशे-सातशे मीटर उतरून बारांकोच्या तळावर आलो आणि तासाभरात दोन वाट्या सूप प्यायलो. उंच चढून खाली झोपायचं, ते यासाठी: शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून.

सहा दिवसांच्या बेतात बारांकोहून थेट बाराफूला, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या तळाला, पोचता आणि त्याच रात्री शिखराकडे निघता. सात दिवसांत मध्ये कारांगाला एक मुक्काम मिळतो. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. (बाराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ. फारसीतून आलेला आपल्याच शब्दाचा भाऊबंद.)

शेवटची चढाई मध्यरात्री सुरू होते. साधारण बाराशे मीटर चढ, पायाखाली घसरणारा मुरूम, आणि समोर फक्त पुढच्याच्या बुटांवरचा उजेड. माझ्या पाण्याच्या पिशवीची नळी गोठली. साधी बाटली उलटी ठेवून न्या, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो. ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावरच्या स्टेला पॉइंटला उजाडलं. तिथून उहुरू, म्हणजे सर्वोच्च शिखर, तासाभरावर.

डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचारा, मित्रांना नको. आणि उतरण्याचा सराव जास्त करा, कारण शिखरावरून त्याच दिवशी म्वेका तळापर्यंत जवळपास २८०० मीटर उतरायचं असतं. नखं कापून जा. माझ्या दोन्ही अंगठ्यांची काळी पडली होती.