नातेवाइकांची यादी बाजूला ठेवा

नेटवर्क मार्केटिंग, म्हणजे दुकानाशिवाय थेट विक्री करत नवे विक्रेते जोडण्याचा व्यवसाय, सुरू करताना ओळखीच्या शंभर जणांची यादी करायला सांगतात. ती तुम्ही तूर्तास बाजूला ठेवावी, असे मी कळकळीने सुचवेन, कारण मावशी किंवा शाळेतला मित्र वस्तू घेतो तो बहुधा नाही म्हणण्याच्या संकोचापोटी. त्याऐवजी सोसायटीच्या किंवा बचत गटांच्या प्रदर्शनात रीतसर टेबल मांडावे, नमुने द्यावेत आणि ज्याने स्वतःहून नंबर दिला त्यालाच फोन करावा. २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार ओळखपत्र आणि पूर्वपरवानगी असल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. वस्तू आवडून पुन्हा मागवणारा ग्राहक कामाविषयी आपणहून विचारत नाही, तोवर त्याने विक्रेता म्हणून सहभागी होण्याचा विषय काढू नये.