आधी वही, मग बटण

प्रश्न : ऐरोलीच्या कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रवाहाचं शास्त्र, शिकवते. प्रयोगाला मुलं कंटाळतात. सगळं संगणकावरच दाखवलं तर?

उत्तर : मॅडम, दाखवा की! ओपनफोम हे प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सरळ गोल नळी घ्या, लांबी व्यासाच्या पन्नासपट, रेनॉल्ड्स अंक (वेग, व्यास आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा; तो लहान असला की प्रवाह शांत) ५००. शेवटाकडे मधोमधचा वेग सरासरीच्या दुप्पट यायला हवा. हा आकडा मुलांनी आधी वहीत मांडायचा, मगच बटण दाबायचं. १.८ पट आला, तर जाळी, म्हणजे गणितासाठी नळीचे पाडलेले छोटे तुकडे, बारीक करायला लावा. रंगीत चित्रं काय, चुकीच्या गणितातूनही झकास येतात!

प्रयोग मात्र बंद करू नका. ज्याच्या नावाचा हा अंक, त्या रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये केला, तो नळीतल्या पाण्यात रंगाचा धागा सोडायचा तरी ठेवाच. रेनॉल्ड्स अंक २३०० च्या आसपास गेला की धागा थरथरू लागतो. स्थिर प्रवाहाच्या साध्या सिम्युलेशनमध्ये ते दिसत नाही.