वापरलेल्या अणुइंधनाचा अभ्यास : वाचकांचे प्रश्न, शास्त्रज्ञाची उत्तरे

मागील अंकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा अणुविद्युत केंद्राविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेतली आहेत. माझी नोकरीची बहुतेक वर्षे वापरलेल्या इंधनाच्या तपासणीत गेली असल्याने उत्तरे त्या कामाच्या अंगाने दिली आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकले आणि आता बेळगावात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वापरलेल्या अणुइंधनावर काम करणारे शास्त्रज्ञ नेमके काय करतात? तिथपर्यंत पोहोचण्यासाठी काय करावे लागते आणि आम्ही सीमाभागातील असल्याने त्यात काही अडचण येते का?

उत्तर : अणुभट्टी चालू असताना तिच्या आत कुणालाही डोकावता येत नाही. तिथल्या उष्णतेत आणि किरणोत्सारात इंधनावर काय गुजरले याचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्या इंधनातच असतो, आणि तो पुरावा जराही न बिघडवता वाचणे हे आमचे काम.

कैगा येथील भट्ट्यांत वापरले जाणारे इंधनाचे एक बंडल (नळ्यांची जुडी) सुमारे अर्धा मीटर लांब आणि सोळा-साडेसोळा किलो वजनाचे असते. त्यात झिर्कलॉय या मिश्रधातूच्या १९ बारीक नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत युरेनियम डायऑक्साइडच्या गोळ्या एकापुढे एक भरलेल्या असतात. असे बंडल वर्षभराहून थोडा अधिक काळ भट्टीत राहते. बाहेर आल्यावर ते पाण्यात ठेवून थंड केले जाते आणि तपासणीसाठी निवडले गेले तर शिसे व पोलाद यांच्या जाड पिंपातून हॉट सेलपर्यंत आणले जाते. हॉट सेल म्हणजे सुमारे एक ते दीड मीटर जाडीच्या काँक्रीट भिंतींची बंद खोली. तिला शिसे मिसळलेल्या काचेची जाड, पिवळसर खिडकी असते आणि शास्त्रज्ञ बाहेर उभा राहून यांत्रिक हातांनी आतले काम करतो.

पहिले काम नुसते पाहण्याचे असते : नळीवर ओरखडा आहे का, ती कुठे फुगली आहे का, टोकाचे वेल्डिंग शाबूत आहे का. त्यानंतर अल्ट्रासॉनिक आणि एडी करंट चाचण्या, म्हणजे ध्वनिलहरी आणि विद्युतप्रवाह यांनी नळी न कापता दोष शोधण्याच्या चाचण्या, होतात. मग नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गॅमा किरणांची मोजणी होते, जिच्यावरून विखंडनातून (युरेनियमचे अणू फुटून) तयार झालेले सीझियम-१३७ कुठे किती साचले आहे ते कळते. पुढे नळीला बारीक छिद्र पाडून आतला झेनॉन व क्रिप्टॉन वायू गोळा केला जातो. तो जितका अधिक सुटलेला असेल तितक्या गोळ्या आत अधिक तापल्या होत्या, असा त्याचा अर्थ लावता येतो. शेवटी नळीची पातळ चकती कापून, रेझिनमध्ये बसवून, घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. भट्टीत जाताना अखंड असलेली गोळी तेव्हा मध्यापासून कडेपर्यंत भेगाळलेली दिसते आणि झिर्कलॉयच्या कापात हायड्राइडच्या (धातूत शिरलेल्या हायड्रोजनच्या संयुगाच्या) बारीक काळ्या रेघा दिसतात. टेबलावर काही मिनिटांत उरकणारे काम यांत्रिक हातांनी करताना अर्धा दिवस सहज जातो, आणि घाईत नमुना बिघडला तर तोच नमुना पुन्हा मिळत नाही. म्हणून या क्षेत्रात मी हुशारीपेक्षा सावकाशपणाला अधिक मोल देतो.

तुम्ही रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंधनातून प्रत्यक्षात किती ऊर्जा निघाली, म्हणजे त्याचा बर्नअप किती, हे अखेर रसायनशास्त्रज्ञच खात्रीने सांगतो. विखंडनात निओडिमियम-१४८ हे समस्थानिक ठरावीक प्रमाणात तयार होते. ते स्थिर असते आणि इंधनातल्या आपल्या जागेवरून फारसे हलत नाही. इंधनाचा नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातून निओडिमियम वेगळे केले आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणूंच्या वस्तुमानावरून त्यांची मोजणी करणाऱ्या यंत्रावर) मोजले की विखंडनांची एकूण संख्या काढता येते. अशा मोजमापांवर फार मोठे निर्णय उभे असतात. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथील फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टर (प्रायोगिक अणुभट्टी) १९८५ साली सुरू झाला तेव्हा त्याच्या युरेनियम-प्लुटोनियम कार्बाइड इंधनाचा जगात कुणालाच फारसा अनुभव नव्हता. त्या इंधनाची टप्प्याटप्प्याने हॉट सेलमध्ये तपासणी होत गेली, प्रत्येक तपासणीनंतर पुढे जायला परवानगी मिळत गेली आणि अखेर बर्नअप इंधनाच्या टनामागे १ लाख ६५ हजार मेगावॉट-दिवसांपर्यंत (एक मेगावॉट-दिवस म्हणजे एक मेगावॉट शक्तीने दिवसभरात मिळणारी ऊर्जा) नेता आला. कैगासारख्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजन असलेले पाणी वापरणाऱ्या) भट्टीत हाच आकडा ७ हजारांच्या आसपास असतो.

आता मार्ग. शास्त्रज्ञ पदासाठी एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकी पदवी आणि किमान ६० टक्के गुण लागतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे. लेखी परीक्षा किंवा गेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण आणि त्यानंतरची मुलाखत यांतून तिथे निवड होते, वर्षभर प्रशिक्षण मिळते आणि मग नेमणूक होते. खुल्या वर्गासाठी वयाची अट साधारण २६ वर्षांची आहे, त्यामुळे एम.एस्सी.नंतर फार वेळ दवडू नये. घरच्या परिस्थितीमुळे लगेच नोकरी हवी असेल तर बी.एस्सी.वर स्टायपेंडरी ट्रेनी (विद्यावेतनावरील प्रशिक्षणार्थी) म्हणूनही प्रवेश मिळतो. हॉट सेलमधील उत्तम हाताची कितीतरी माणसे मी त्या वाटेने आलेली पाहिली आहेत. ही केंद्र सरकारची भरती असल्याने उमेदवार कर्नाटकातील की महाराष्ट्रातील, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. मराठी माध्यमाचीही चिंता नको. मुलाखतीत इंग्रजीच्या सफाईपेक्षा विषयाचा पाया किती पक्का आहे ते पाहतात. एम.एस्सी.ला शक्य असेल तर विश्लेषणात्मक रसायनशास्त्र घ्या, आणि उपकरणावर आलेले वाचन प्रयोगवहीत आहे तसेच लिहिण्याची सवय आत्तापासून लावून घ्या.

प्रश्न : मी जोयडा तालुक्यात शिक्षक आहे. कैगा येथील वापरलेले इंधन पाण्यात का ठेवतात आणि पुढे त्याचे काय होते? ते कोलारच्या खाणीत पुरतात असे मुले ऐकून येतात.

उत्तर : भट्टी बंद केली तरी विखंडनातून तयार झालेली मूलद्रव्ये क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते आणि दिवसभरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. पाणी ही उष्णता वाहून नेते आणि वर उभ्या माणसाचे किरणांपासून रक्षणही करते. इंधन ठेवलेल्या कुंडातले हे पाणी बंद चक्रात फिरवून गाळले व थंड केले जाते.

कैगा येथील २२० मेगावॉटच्या चारही भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यांच्या १०० किलो वापरलेल्या इंधनात सुमारे ९९ किलो युरेनियम, चारशे ग्रॅमच्या आसपास प्लुटोनियम आणि पाऊण किलोच्या आत-बाहेर विखंडनातून आलेली मूलद्रव्ये असतात. म्हणूनच डॉ. होमी भाभा यांच्या त्रिस्तरीय अणुऊर्जा कार्यक्रमात (ज्यात एका टप्प्याचे वापरलेले इंधन पुढच्या टप्प्याला उपयोगी पडते) या इंधनाला कचरा मानलेले नाही. तुर्भे, तारापूर व कल्पाक्कम येथील पुनर्प्रक्रिया केंद्रांत ते नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतात. उरलेला तीव्र किरणोत्सारी द्राव बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. त्यातलेही काही कामाचे निघते : वेगळ्या काढलेल्या सीझियम-१३७ च्या काचपेन्सिली रक्तपेढ्यांतील यंत्रांत वापरतात, तर रुथेनियम-१०६ डोळ्याच्या कर्करोगाच्या उपचारासाठी वापरतात. इंधनाच्या वाहतुकीची पिंपे ९ मीटरवरून पडणे आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास राहणे अशा कसोट्यांना उतरलेली असावी लागतात.

कोलारला १९८० च्या दशकात सुमारे हजार मीटर खोलीवर विजेच्या हीटरने खडक तापवून तो कसा वागतो हे पाहण्याचा प्रयोग झाला होता. किरणोत्सारी कचरा तिथे पुरलेला नाही, हे वर्गात निःशंकपणे सांगावे.

प्रश्न : आमच्या मुलीची कल्पाक्कमला याच कामासाठी निवड झाली आहे. निपाणीत नातेवाईक म्हणतात, पुढे लग्न, मुलेबाळे यांना धोका होईल. तिला पाठवावे की नाही?

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून मोघम धीर देण्याऐवजी नियम सांगतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार कर्मचाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. आपल्या सर्वांनाच निसर्गातून वर्षाला साधारण २.४ मिलीसिव्हर्ट मिळत असतात. छातीवर लावलेला टीएलडी (किरणोत्साराची मात्रा मोजणारा) बिल्ला प्रत्येकाची मात्रा नोंदवतो आणि ती नोंद नोकरीभर जपली जाते. गरोदरपणाची सूचना दिल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाची मर्यादा फक्त १ मिलीसिव्हर्ट असते, त्यामुळे स्त्री कर्मचाऱ्याला त्या काळात किरणोत्सारापासून दूरचे काम दिले जाते. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांना स्फोटानंतर झालेल्या मुलांचा अनेक दशके अभ्यास झाला. त्यांत आनुवंशिक विकार वाढल्याचे आढळलेले नाही.

बाहेरून गॅमा किरण लागल्याने माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे तिच्यापासून घरच्यांना काही होण्याची भीती नको. खरी दक्षता किरणोत्सारी द्रव्य शरीरात न जाण्याची घ्यावी लागते. त्यासाठी कपडे व पादत्राणे बदलणे, बाहेर पडताना हातापायांची तपासणी, ठरावीक काळाने संपूर्ण शरीराची मोजणी आणि लघवीची तपासणी असते. २००९ साली कैगा येथे पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन असलेले) जड पाणी मिसळले आणि पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले, तेव्हा हा प्रकार लघवीच्या नेहमीच्या तपासणीतूनच उघडकीस आला. असे घडायला नको होते, आणि ते घडले हे तुमच्यापासून लपवण्याचे कारण नाही. मुलीला एवढेच सांगा की या तपासण्या एकदाही चुकवू नकोस आणि बिल्ला कपाटात ठेवून हॉट सेलजवळ जाऊ नकोस.

माझे मत विचाराल तर तिला जरूर पाठवा. रुजू होताना पहिल्याच आठवड्यात तिने आपल्या विभागातील आरोग्य-भौतिकी अधिकाऱ्याची (किरणोत्सारापासूनच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्याची) ओळख करून घ्यावी आणि दर वर्षी आपल्या मात्रेचा आकडा स्वतः मागून पाहावा. तो मागण्याचा तिला अधिकार आहे.