आधी पॉलिश पेपर, मग पेन्सिल

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे, शाळेत न घालता घरीच शिकवतो. वही समोर ठेवली की उठून जाते. कणिक आणि रांगोळी दिली की तासभर हलत नाही. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, पण ‘सात चमचे आण’ म्हटलं की पाच नाहीतर आठ येतात. अक्षरं आणि अंक कसे सुरू करावेत?
– एक आई, सांगली

उत्तर : वही सध्या कपाटात ठेवा. रांगोळीची चिमूट सोडणारी बोटं पेन्सिलीचीच तयारी करताहेत, त्यात खंड पाडू नका.

अक्षरांसाठी १२० नंबरचा पॉलिश पेपर (लाकूड घासायचा खरखरीत कागद) आणा. त्यातून अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि तिने ती बोटाने गिरवायची. ६० नंबरचा बोटं सोलतो. अक्षर चार इंच उंच, रेघ बोटाएवढी रुंद. कागदाच्या मागच्या बाजूवर आखणार असाल तर आरशात दिसतं तसं उलटं काढा, नाहीतर कापल्यावर ‘ग’ उलटा निघतो. कात्री जुनी घ्या, धार जाते. फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. कड सुटली की मुलं आधी तीच उचकटतात.

अक्षर गिरवायचं ते तर्जनी आणि मधल्या बोटाने, लिहिण्याच्याच दिशेने, शिरोरेषा शेवटी. एका वेळी दोनच अक्षरं. आधी ‘हा म’ एवढंच सांगा. मग ‘म कुठंय?’ विचारा. ‘हा कोणता?’ हा प्रश्न त्यानंतर. बहुतेक घरांत थेट हाच विचारला जातो, मूल गप्प होतं आणि ‘हिला येतच नाही’ असा शिक्का बसतो. ग-म-भ-न हा क्रम चांगला, पण ‘म’ आणि ‘भ’ एकाच दिवशी देऊ नका. दिसायला फार जवळचे आहेत.

आता सात चमचे. तिचे आकडे अजून गाण्यासारखे आहेत: तोंड पुढे धावतं, बोट मागे राहतं. दहा वाट्यांवर ० ते ९ अंक चिकटवा आणि मोजून ४५ चिंचोके द्या. वाटीवर जो अंक तेवढेच चिंचोके, एकेक उचलून, मोठ्याने मोजत तिने त्या वाटीत टाकायचे. शून्याची वाटी रिकामी राहिली आणि शेवटी एकही उरला नाही, कमी पडला नाही, तर बहुधा जमलं. उरला तर चूक तिला स्वतःलाच दिसते. तेव्हा तुम्ही बोलू नका, तिला शोधू द्या. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अशाच परिसरातल्या वस्तूंची साधनं केली होती. विकतचे महागडे संच मुळीच लागत नाहीत.

साधन काढणं-ठेवणं तिच्या हाती असू द्या, म्हणजे फडताळ तिच्या उंचीचं हवं. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोके नकोत, घशात अडकतात. आइस्क्रीमच्या काड्या घ्या.