चढाला घाबरू नका, उताराचा सराव करा

वाचक विचारतात : पळणं आणि डोंगर

प्रश्न : दादा नमस्कार, मी सदरबझारला राहतो, वय ३९. तीन वर्षं झाली पळतोय पण सगळं सपाटीवरच. मागच्या वर्षी आपल्या हिल मॅरेथॉनला नाव घातलं, यवतेश्वरचा घाट नीट चढलो, वरून फिरलो तेव्हा दम बऱ्यापैकी शिल्लक होता म्हणून उतारावर पाय मोकळे सोडले आणि शेवटच्या तीन किलोमीटरला मांड्या जाम झाल्या. नंतर चार दिवस घरातला जिना कठडा धरून उतरत होतो. यंदा काय वेगळं करू? आणि डांबर सोडून रानातनं पळायला साताऱ्याजवळ कुठं जावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्यासारखी पत्रं दरवर्षी येतात बघा आणि सगळ्यांची गोष्ट हीच असते, चढ जमला, उतारानं मारलं. २०१२ पासून ही शर्यत होतेय आणि तिचा रस्ताच असा आहे की घाट चढून जायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं, म्हणजे पाय दमलेले असतात तेव्हाच सगळा उतार पुढ्यात येतो. लोक तयारी मात्र फक्त चढाची करतात.

होतं काय, चढाला मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो, पण उताराला तोच स्नायू लांब होत असतानाच ब्रेक लावत असतो. प्रत्येक पावलाला अख्खं वजन झेलायचं आणि गुडघा वाकू द्यायचा पण कोसळू द्यायचा नाही. त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, तिची कळ लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणकतं. दम शिल्लक होता म्हणता ना, तो छातीचा. मांड्यांचा हिशोब वेगळा असतो, आणि तो छातीला विचारून कळत नाही.

चांगली बातमी अशी की शरीर हे फार लवकर शिकतं. एकदा उतार बऱ्यापैकी पळून झाला की पुढचे काही आठवडे तोच उतार खूप कमी दुखतो. म्हणून शर्यतीच्या दोन-अडीच महिने आधीपासून आठवड्यातनं एकदा फक्त उतारासाठी जा. यवतेश्वरला चालत चढा, खुशाल चाला, कुणी काही म्हणत नाही, आणि खाली येताना पहिल्यांदा दीड-दोन किलोमीटरच पळा. पुढच्या आठवड्यात थोडं वाढवा. शर्यतीच्या आधीचे दहा दिवस मात्र जोराचा उतार बंद.

उतरताना पावलं आखूड ठेवा, टाच पुढं फेकून मागं रेलू नका, नजर चार-पाच पावलं पुढं, हात सैल. आणि कानात काही घालू नका, स्वतःच्या पायांचा आवाज ऐका. धप्प धप्प असा येत असेल तर तुम्ही वजन आपटताय, टप टप टप असा हलका आणि भरभर आला की समजा जमलं. मी आजही वळणावर आवाज बदलला की वेग कमी करतो, मला घड्याळापेक्षा हाच भरवशाचा वाटतो. घाटात वळणाच्या आतल्या बाजूला लाल मुरमाचे खडे वाहून आलेले असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे, पायाखाली घरंगळतात, तिथं बाहेरच्या बाजूनं या, पण गाडी बघून.

आता रान. पहिला अजिंक्यताराच. अदालतवाड्यापासून पायवाट चढते, पुढं गाडीरस्त्याला लागते आणि तिथनं दरवाजा साधारण एक किलोमीटर. शहरापासून चढ जवळजवळ ३०० मीटरचा. वर गेलात की तटाकडेनं फिरून मंगळाईदेवीच्या देवळापर्यंत जा, पायाखाली अख्खं सातारा आणि समोर यवतेश्वरचा डोंगर दिसतो. डोंगरात किलोमीटर मोजून वेळ धरू नका. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिलाय, पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या नुसत्या चढापोटी अर्धा तास जास्तीचा धरायचा. पळणाऱ्यानं सुद्धा नव्या वाटेवर पहिल्यांदा हाच हिशोब धरावा, पाणी किती न्यायचं ते त्यावरनं ठरतं.

दुसरं, बोगद्याजवळ कुरणेश्वरची झाडी. अंतर थोडंच पण सावली आहे, उन्हाळ्यात सकाळी तिथं बरं वाटतं. सज्जनगडाला रस्त्यानं पायथ्यापर्यंत पळत जा, पण पायऱ्यांवर पळू नका, लोक दर्शनाला येतात, वयस्कर माणसं असतात, तिथं चालायचं.

कासबद्दल मला हात जोडून सांगायचंय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सड्यावर पळायला जाऊ नका. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर ते पठार जागतिक वारशात गेलं, पण मी त्यासाठी म्हणत नाही. एकदा सड्यावर गुडघे टेकून बघा, जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम एक थर असतो, त्यात सीतेची आसवं असतात, करंगळीच्या नखाएवढं निळं-जांभळं फूल, आणि बाजूला दवबिंदू, ज्याच्या पानावरच्या चिकट थेंबाला किडा चिकटलेला असतो. बुटाचा एक तळवा पडला की हे सगळं चिखलात जातं. पळायचं असेल तर डांबरी रस्ता धरा, तेही पहाटे, नंतर गाड्यांची रांग लागते.

प्रश्न : दादा, मला एकटीनं डोंगरात पळायची खूप इच्छा आहे पण घरचे म्हणतात कुत्री आहेत, बिबट्या आहे, जाऊ नको. काय करू?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ताई, जा. पण उजाडल्यावर जा, अंधारात नको. बिबट्या आणि गवा दोघंही पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात, त्या वेळा त्यांच्या. कुठली वाट, किती वाजता परत, हे घरी सांगून निघा, आणि पहिले काही महिने कुणी सोबत मिळालं तर वाटा ओळखीच्या होतात, मग घरच्यांचीही काळजी कमी होते. गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या, फोटोसाठी पुढं जाऊ नका. बिबट्या दिसला तर पळत सुटू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागं सरका.

कुत्र्यांचं जास्त महत्त्वाचं आहे कारण ती रोज भेटतात. कुत्रं अंगावर आलं की पळणं बंद, पाठ न दाखवता सावकाश चालायचं. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, हळद-चुना लावत बसू नका. हे मी कळकळीनं सांगतोय, रेबीज एकदा झाला की वाचवता येत नाही.

आणखी एक, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत गवत वाळलेलं असतं आणि वणवे लागतात. धूर दिसला की माघारी फिरा. आग चढाकडे झपाट्यानं सरकते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधीच थांबू नका.

प्रश्न : आम्ही सांगलीकर, इथं सगळं सपाट. डोंगर कुठनं आणायचा?
— एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : मिरजेच्या पुढं दंडोबा आहे की! झाडी आहे, कच्च्या वाटा आहेत, देवळापर्यंत चढ आहे, महिन्यातनं दोन रविवार तिथं गेलात तरी पुरे. सागरेश्वर मात्र अभयारण्य आहे, हरणं-सांबरं आहेत, तिथं गेटवर तिकीट काढून शांतपणे चालायचं, पळायचं नाही.

बाकीचे दिवस जिना वापरा, वर जोरात आणि खाली सावकाश, प्रत्येक पायरीला वजन झेलत. झेलण्याची ताकद डोंगराशिवायही येते. आपली माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला दहावी आली. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, म्हणजे दमलेल्या पायांनी ३५ वेळा वरून खाली येऊन वेग न मोडता पळायचं. तुमच्या जिन्यावर शिकायचंय ते हेच.

प्रश्न : पावसाळ्यात कुठले बूट?
— एक वाचक, कराड

उत्तर : किमतीवर जाऊ नका, तळवा उलटा करून बघा. चिखलाला खोल आणि लांब-लांब खाचा हव्यात म्हणजे माती अडकून बसत नाही. पण शेवाळलेल्या जांभ्यावर कुठलाच बूट धरत नाही, तिथं चालायचं. मी एकदा मोबाईल हातात धरून अशाच ओल्या दगडावरनं उतरलो, घोटा मुरगळला, शेळ्या राखणाऱ्या एका मामांनी स्वतःची काठी दिली तेव्हा रस्त्याला लागलो. तेव्हापासून मोबाईल पाठीच्या पिशवीत, दोन्ही हात मोकळे. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला, सकाळपर्यंत बूट वाळतात.