तरुण क्वार्टरबॅक अडखळतोय: कोच बदलायचा की खेळाडू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) नवोदितांच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत वरच्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू; दोन हंगाम होत आले तरी पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतंय, टचडाऊन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण) आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) जवळजवळ सारखेच. चाहत्यांत दोन तट पडलेत. एक म्हणतो कोचला घालवा, दुसरा म्हणतो पोरातच दम नाही.

आकड्यांवरून याचा निवाडा होत नाही. सॅम डार्नल्डने २०१८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडून ५७.७ टक्के पास पूर्ण केले, १७ टचडाऊन आणि १५ इंटरसेप्शन. जॉश ॲलनचे त्याच वर्षी बफेलोत ५२.८ टक्के, १० आणि १२. झॅक विल्सनचे २०२१ मध्ये, पुन्हा जेट्सकडूनच, ५५.६ टक्के, ९ आणि ११. (जेट्सचं मैदान न्यू जर्सीत, त्यामुळे तिथल्या आपल्या मंडळींना ही दोन्ही प्रकरणं फार जवळून बघावी लागली.) या तिघांत सगळ्यात कमी टक्केवारी ज्याची होती, तो ॲलन २०२० मध्ये ६९.२ टक्क्यांवर पोचला. म्हणजे चुका किती झाल्या यापेक्षा त्या कोणत्या जातीच्या आहेत हे बघायला हवं.

सुरुवातीला क्वार्टरबॅककडे बघूच नका, बाकीच्या दहा जणांकडे बघा. २०१६ चा लॉस एंजेलिस रॅम्सचा संघ घ्या. जॅरेड गॉफ, त्या वर्षीच्या निवडीतला पहिला खेळाडू, सात सामने सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. ५४.६ टक्के, ५ टचडाऊन, ७ इंटरसेप्शन, २६ सॅक (पास फेकण्याआधीच पाडलं जाणं). ‘फुकट गेला’ असा शिक्का बसलाच होता. पण त्याच संघात टॉड गर्ली हा चेंडू घेऊन धावणारा (रनिंग बॅक) होता, २०१५ चा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित. पहिल्या वर्षी तो दर धावेला ४.८ यार्ड काढत होता, २०१६ मध्ये ३.२ वर आला. गर्ली काही पास फेकत नव्हता. धावणारासुद्धा इतका घसरतो तेव्हा दुखणं ओ-लाईनमध्ये (क्वार्टरबॅकसमोर अडवणाऱ्या पाच जणांची रांग) आणि आखणीत असतं. तो संघ सामन्याला १४ गुण काढत होता, लीगमध्ये सगळ्यात कमी.

२०१७ मध्ये कोच जेफ फिशरच्या जागी ३० वर्षांचा शॉन मॅकव्हे आला. गॉफ ६२.१ टक्के, २८ टचडाऊन, ७ इंटरसेप्शन. गर्ली पुन्हा ४.७ वर. संघ सामन्याला २९.९ गुण, लीगमध्ये सगळ्यात जास्त. ‘कोचने जादू केली’ म्हणणारे एक विसरतात: त्याच उन्हाळ्यात ओ-लाईनच्या डाव्या टोकाला (टॅकल) अँड्र्यू व्हिटवर्थ आला, मधे सेंटरला जॉन सुलिव्हन आला, रॉबर्ट वुड्स, कूपर कप आणि सॅमी वॉटकिन्स हे तीन रिसीव्हर (पास झेलणारे) आले. सात सामन्यांत २६ सॅक खाल्लेल्या गॉफने पंधरा सामन्यांत २५ खाल्ले. त्यामुळे कोच की खेळाडू या वादात तिसरा पक्ष, म्हणजे संघबांधणी करणारा जनरल मॅनेजर, नेहमी निसटून जातो.

मॅकव्हेने स्वतः काय केलं तेही नीट बघण्यासारखं आहे. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ प्ले-क्लॉकवर (खेळ सुरू करायची मुदत दाखवणारं घड्याळ) १५ सेकंद उरले की बंद होतो. मॅकव्हे हडल (खेळाआधी घोळक्यात होणारी चर्चा) लवकर मोडून संघ रेषेवर उभा करायचा. त्यामुळे समोरच्या बचावाची मांडणी रेडिओ चालू असतानाच दिसायची आणि ती वाचायला कोच मदत करू शकायचा. वर प्ले-ॲक्शन: आधी धावेचा देखावा, लाईनबॅकर (बचावाच्या पुढच्या रांगेमागचा खेळाडू) दोन पावलं पुढे येतो, आणि त्याच्या मागे उघडलेल्या जागेत पास. अशा खेळात क्वार्टरबॅकला बहुतेक वेळा अर्धंच मैदान वाचावं लागतं. चांगला कोच नवख्याचं ओझं हलकं करतो ते असं. पण त्यालाही मर्यादा आहे. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये (लीगचा अंतिम सामना) पेट्रियट्सनी सहा जण रेषेवर उभे केले, मागे झोनने (माणसाऐवजी जागा राखून) खोल जागा झाकली, आणि रॅम्सना सगळ्या सामन्यात ३ गुण मिळाले. गॉफ ३८ पैकी १९. आखणी अडली की उरतं ते खेळाडूचं स्वतःचं, आणि तिथे तो कमी पडला. जानेवारी २०२१ मध्ये रॅम्सनी पहिल्या फेरीच्या दोन निवडी सोबत देऊन त्याला डेट्रॉइटला पाठवलं आणि क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. डेट्रॉइटला चांगली लाईन आणि जुळणारी आखणी मिळाल्यावर गॉफ पुन्हा उभा राहिला. त्याची क्षमता खरी आहे, फक्त तिला विशिष्ट परिस्थिती लागते. बहुतेक क्वार्टरबॅक याच गटातले असतात.

आता तुमच्या पोराकडे वळू. टीव्हीवरचं चित्रण पुरत नाही, कारण त्यात रिसीव्हर कॅमेऱ्याबाहेर जातात. बावीसही खेळाडू दिसणारं उंचावरून घेतलेलं चित्रण, ऑल-२२, एनएफएल प्लस प्रीमियम या सेवेवर मिळतं. दोन सामने निवडा, एक सोपा आणि एक ब्लिट्झ (नेहमीपेक्षा जास्त जण क्वार्टरबॅकवर सोडणं) खूप करणाऱ्या संघाविरुद्धचा. पासचे साठ-सत्तर खेळ मिळतील. प्रत्येक फसलेला खेळ तीनदा बघा: एकदा फक्त पाय, एकदा डोळे (हेल्मेटचं तोंड कुठे वळतंय त्यावरून कळतं), एकदा चेंडू.

पायांपासून सुरुवात. शॉटगनमधून (सेंटरपासून काही यार्ड मागे उभं राहून) तीन पावलांची माघार घेतली की मागचा पाय रोवताक्षणी पहिल्या रिसीव्हरकडे चेंडू निघायला हवा, नाहीतर एक छोटी उडी घेऊन दुसऱ्याकडे. रिसीव्हर वळून उभा आहे आणि क्वार्टरबॅक जागच्या जागी नाचतोय असं दिसलं तर दोन शक्यता असतात. त्याची तीन पावलं संपली तेव्हा रिसीव्हर अजून १२-१४ यार्डांवर पळतच असेल, तर पावलं आणि रूट (रिसीव्हरची ठरलेली धाव) यांचा मेळच बसवलेला नाही, आणि तो दोष कोचचा. रिसीव्हर वेळेवर वळलाय, मोकळा आहे, आणि तरी हा दोन उड्या घेतोय, तर तो दिसल्याशिवाय फेकत नाही. या पातळीवर रिसीव्हर मोकळा ‘होणार’ आहे हे ओळखून फेकावं लागतं. ही सवय सरावाने थोडी सुधारते, फार नाही.

डोळ्यांचं मुख्य प्रकरण म्हणजे स्नॅपनंतर (सेंटरने चेंडू मागे दिल्यावर) सरकणारे सेफ्टी, बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू. आधी दोन सेफ्टी खोल दिसतात, चेंडू निघाला की एक खाली मधल्या पट्ट्यात येतो. नवखा क्वार्टरबॅक आधी जे ठरवलं तिथेच फेकतो आणि खाली आलेला सेफ्टी चेंडू उचलतो. पहिल्या हंगामात हे चालायचंच. पंचवीसेक सामन्यांनंतरही तोच फिरवलेला सेफ्टी, तोच पास, तेच इंटरसेप्शन होत असेल तर काळजी करा. मात्र रनिंग बॅक कुठे आहे तेही बघा. दर वेळी त्याला ब्लॉकिंगसाठी आत ठेवलेलं असेल, तर खालचा सोपा पास उरतच नाही, आणि मग पोर लांब फेकणारच.

मला सगळ्यात जास्त सांगून जातो तो ब्लिट्झ. पाच जण अडवताहेत आणि सहा जण येताहेत, तर एक जण मोकळा सुटणारच, आणि त्याची जबाबदारी क्वार्टरबॅकची असते. त्याने आधीच लाईनची दिशा बदलायची किंवा ठरलेल्या ‘हॉट’ रिसीव्हरला पटकन द्यायचं. चित्रण थांबवा. स्लॉटमधला (आतल्या बाजूचा) रिसीव्हर चार यार्डांवर वळून, हात पुढे करून उभा आहे आणि क्वार्टरबॅक वीस यार्ड पलीकडे बघतोय? मग चूक त्याचीच. पाचही रिसीव्हर पाठ करून लांब पळताहेत आणि कोणीच मागे बघत नाही? मग आखणीत ब्लिट्झला उत्तरच नव्हतं, तिथे कोणीही सॅक खाल्ला असता. अशी वीस चित्रं तपासली की वादातली बरीच हवा निघून जाते.

सॅकचा हिशोब घड्याळ लावून करा. स्नॅपपासून अडीच सेकंदांच्या आत सॅक झाला तर लाईन किंवा चुकलेला हॉट. तीन सेकंदांच्या पुढे गेला तर आधी रिसीव्हर मोकळे होते का बघा, आणि असतील तर तो सॅक क्वार्टरबॅकच्या नावावर लिहा.

अचूकतेसाठी फक्त स्वच्छ पॉकेटमधले, म्हणजे कोणी अंगावर न आलेले पास घ्या, आणि त्यातले पूर्ण झालेलेही घ्या. आडव्या धावणाऱ्या रिसीव्हरला चेंडू छातीसमोर मिळतो की मागे वळून, थांबून घ्यावा लागतो? पास ‘पूर्ण’ म्हणून नोंदला जातो, पण पुढचे आठ-दहा यार्ड गेलेले असतात. ही उणीव सहसा भरून निघत नाही. ॲलन हा मोठा अपवाद. त्याने हंगामाबाहेर जॉर्डन पामरबरोबर पाय आणि कंबर एका लयीत आणण्यावर काम केलं, २०२० मध्ये स्टेफॉन डिग्स आला, आणि ज्याचा उल्लेख कमी होतो ते म्हणजे पहिली तिन्ही वर्षं मुख्य कोच शॉन मॅकडरमॉट आणि आक्रमणाचा समन्वयक ब्रायन डेबॉल हेच राहिले. उलट ॲलेक्स स्मिथ बघा. २००५ च्या निवडीत सॅन फ्रान्सिस्कोने घेतलेला पहिला खेळाडू, पहिल्या वर्षी १ टचडाऊन आणि ११ इंटरसेप्शन, आणि पुढे जवळपास दर वर्षी नवा समन्वयक, नवी परिभाषा, नवी पावलं. २०११ मध्ये जिम हार्बॉ आल्यावर त्याच संघाने १३ सामने जिंकले, ३ हरले, त्याचे १७ टचडाऊन आणि फक्त ५ इंटरसेप्शन. तुमच्या खेळाडूचे दोन वर्षांत दोन समन्वयक झाले असतील, तर माझ्या मते त्याच्याबद्दल अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र चुकीच्या हातात पडलेल्या खेळाडूला कायमची चिकटू शकते, ती म्हणजे दबावाची धास्ती. डेव्हिड कारने २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघात ७६ सॅक खाल्ले, एका हंगामातला तो विक्रम आहे. सतत बाउन्सर खाल्लेला फलंदाज जसा साध्या चेंडूलाही लेगकडे सरकतो, तसा असा क्वार्टरबॅक कोणी जवळ नसतानाही नजर खाली आणतो, रिसीव्हरऐवजी अंगावर येणाऱ्यांकडे बघतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये पेट्रियट्सविरुद्ध ०-३३ हरताना डार्नल्ड ३२ पैकी ११, ८६ यार्ड, ४ इंटरसेप्शन, आणि आपल्याला भुतं दिसताहेत असं तो बाकावर बोलला ते माईकवर सगळ्यांनी ऐकलं. मुख्य कोच तेव्हा ॲडम गेस. तोच डार्नल्ड २०२४ मध्ये मिनेसोटात केव्हिन ओकॉनेलच्या हाताखाली, जस्टिन जेफरसनसारखा रिसीव्हर असताना, ४,३१९ यार्ड, ३५ टचडाऊन, १४-३. क्षमता होती आणि ती वाया घालवली गेली, यात मला शंका नाही. पण त्याच हंगामाच्या शेवटी डेट्रॉइटने दाबल्यावर ४१ पैकी १८, आणि पुढच्या आठवड्यात प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॅम्सविरुद्ध ९ सॅक. त्यांतले कित्येक चेंडू धरून ठेवल्यामुळे. कोच बदलून खेळाडू उभा राहतो, जुनी भीती आपोआप जात नाही.

हंगामाच्या मधेच कोच काढा म्हणणाऱ्यांसाठी: लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारापासून संपूर्ण नियमित हंगामात पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात. फेकण्याची पद्धत अशा वेळापत्रकात बदलत नाही, ती हंगामाबाहेरच बदलते, तीही बहुधा खाजगी प्रशिक्षकाकडे. ऑक्टोबरमध्ये कोच गेला तर बदलू शकते ती फक्त खेळांची निवड: जास्त प्ले-ॲक्शन, पॉकेट बाजूला हलवणं, लवकर सुटणारे पास. कॅरोलायनाने ब्राइस यंगच्या पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, फ्रँक राइखला ११ सामन्यांनंतर काढलं, तरी यंगचे सॅक ६२ झालेच. फरक दिसला २०२४ मध्ये: डेव्ह कॅनालिस आला, रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस हे दोन गार्ड (सेंटरच्या शेजारी उभे राहणारे) घेतले, आणि दोन सामन्यांनंतर यंगला बाकावरही बसवलं. परत आल्यावर तो बराच स्थिर दिसला. थोडे आठवडे बसणं म्हणजे हकालपट्टी नव्हे, हे आपल्याकडचे चाहते मान्य करत नाहीत.

तुमच्या बाबतीत माझं मत: लाईन बरी आहे, धावणारे यार्ड काढताहेत, समन्वयक तोच आहे, आणि तरीही मोकळा हॉट रिसीव्हर दर सामन्यात सुटतोय, तर नवा कोच आणून फार हाती लागणार नाही. यातल्या दोन गोष्टी जरी उलट असतील तरी तिसरा हंगाम त्याला द्या, पण आधी गार्ड आणि सेंटर नीट करून. संघालाही तसाच हिशोब करावा लागतो, कारण पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारातला पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही, हे तिसरा हंगाम संपल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत कळवावं लागतं.